परक्यांना द्यावयाचा हिशेब

दिवाळीतील लक्ष्मीपूजनाच्या रात्री व्यापारी आपल्या नव्या वह्यांची पूजा करतो. पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक उमटते, ‘शुभ’ आणि ‘लाभ’ हे दोन शब्द लिहिले जातात, आणि सरत्या वर्षाची रोजकीर्द व खतावणी फडक्यात बांधली जाऊन फडताळात जाते. त्या जुन्या वह्यांत वर्षभराच्या नफ्यातोट्याचे सारे रहस्य साठवलेले असते. परंतु ते जाणण्याचा अधिकार दुकानाच्या धन्याला, आणि फार तर त्याच्या मुनीमाला. शेजाऱ्याने ‘यंदा काय सुटले?’ असे विचारलेच, तर हसून विषय बदलावयाचा, ही व्यापाराची जुनी रीत आहे. आणि तीत गैर असे काही नाही. ज्याचे भांडवल, त्याचा हिशेब.

परंतु धनीच जर परका असेल तर? दुकान एक, आणि त्याचे धनी हजारो. त्यांतील बहुतेकांनी त्या दुकानाची पायरी कधी चढलेली नाही, एकमेकांचे तोंड कधी पाहिलेले नाही, आणि आज घेतलेला भाग उद्या विकून ते मोकळेही होणार आहेत. अशा वेळी ‘ज्याचे भांडवल, त्याचा हिशेब’ ह्या जुन्याच न्यायाने फडताळातील वही चव्हाट्यावर आणावी लागते. शेअरबाजारात भाग नोंदविलेल्या कंपनीचा वार्षिक अहवाल म्हणजे ही चव्हाट्यावर आणलेली वही होय. तिच्यात कोणकोणते रकाने असावेत हे कोणा एका पंडिताने बसून ठरविलेले नाही. बहुतेक प्रत्येक रकान्यामागे एखादी फसवणूक आहे, एखादे बुडीत वर्ष आहे, किंवा उशिरा सुचलेला एखादा प्रश्न आहे. ही घडण पाहावयाची, तर तयार कपड्यांच्या दुकानासारखे बोलके उदाहरण दुसरे नाही. लोखंड गोदामात पडून राहिले तरी लोखंडच राहते. कपड्याची मात्र चाल बदलली की माल तोच असूनही त्याचे मोल उतरते. जेथे मालाचे मोल असे अस्थिर, तेथे हिशेबाच्या खरेपणाची कसोटीही तितकीच कडक.

हिशेब मागण्याचा हक्क भागधारकांना एका दिवसात मिळालेला नाही. इंग्लंडमध्ये १८४४ साली संयुक्त भांडवलाच्या कंपन्यांसाठी जो कायदा झाला, त्याने ताळेबंद भागधारकांपुढे ठेवावा आणि तो तपासनिसांकडून तपासून घ्यावा असे सांगितले. परंतु अवघ्या बारा वर्षांनी, १८५६ मध्ये, ही सक्ती काढून टाकण्यात आली. कंपनीचा कारभार हा संचालक आणि भागधारक यांच्यामधील खाजगी करार आहे, सरकारने त्यात हात घालू नये, असा त्या काळचा विचार होता. सर्व कंपन्यांच्या हिशेबतपासणीची सक्ती परत यावयास १९०० साल उजाडावे लागले. आणि नफातोटापत्रक भागधारकांच्या सभेपुढे मांडलेच पाहिजे, हा नियम तर १९२९ च्या कायद्याने आला.

ह्याच मोकळिकीच्या काळात मुंबईनेही आपली किंमत मोजली. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांपर्यंत पोहोचेनासा झाला, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशाच्या पुरात नव्या नव्या कंपन्या निघाल्या. समुद्र हटवून जमीन काढू म्हणणाऱ्या बॅकबे कंपनीचा पाच हजार रुपयांचा भाग पन्नास हजारांच्या घरात गेला. भाग घेणाऱ्यांनी कंपनीच्या वह्या पाहिल्या नव्हत्या. त्यांनी पाहिला होता तो शेजाऱ्याचा नफा. १८६५ च्या वसंतात युद्ध संपले, कापूस कोसळला, आणि १ जुलै १८६५ ह्या वायद्याच्या दिवशी मुंबईचे मोठमोठे सावकार देणे भागवू शकले नाहीत. बँक ऑफ बॉम्बे त्या तडाख्यातून सावरली नाही. १८६८ मध्ये तिचा कारभार गुंडाळावा लागला.

त्याच सुमारास, १८६६ मध्ये, अमेरिकेतही एक लहानसा पण अर्थपूर्ण प्रसंग घडला. न्यूयॉर्कच्या शेअरबाजाराने एका रेल्वे कंपनीकडे तिच्या सांपत्तिक स्थितीची माहिती मागितली. कंपनीने उत्तर पाठविले, की आपण अहवाल काढीत नाही, हिशेबही प्रसिद्ध करीत नाही, आणि गेल्या पाच वर्षांत तसे काही केलेले नाही. ह्या उत्तरात लाजेचा सूर नव्हता. हिशेब गुप्त ठेवणे हेच तेव्हा प्रतिष्ठेचे लक्षण समजले जाई.

रेल्वेच्या बाबतीत भागधारकाला निदान एवढे समाधान होते, की रूळ आणि इंजिने डोळ्यांना दिसतात. दुकानाच्या बाबतीत तेही नाही. म्हणून दुकानाचे भाग बाजारात विकता येतील, ही कल्पनाच फार दिवस कोणाला पटत नव्हती. ह्या समजुतीला धक्का दिला तो शिकागोच्या सिअर्स, रोबक ह्या टपालाने माल विकणाऱ्या पेढीने. तिच्या जाड सूचिपत्रात घड्याळापासून नांगरापर्यंत सर्व काही असे, आणि कपड्यांना त्यात मोठे स्थान होते. तिचा एक प्रमुख चालक जूलियस रोझेनवाल्ड हा मुळात पुरुषांच्या तयार कपड्यांचा व्यापारी होता. १९०६ मध्ये गोल्डमन सॅक्स आणि लेहमन ह्या पेढ्यांनी सिअर्सचे भाग लोकांना विकले. त्यांनी मांडलेला विचार नवा होता. दुकानाचे खरे मोल त्याच्या इमारतीत किंवा मालात नसून, दरवर्षी नफा मिळविण्याच्या त्याच्या शक्तीत आहे. गिऱ्हाइकाची सवय आणि दुकानाचे नाव ह्यांनाही किंमत आहे. हा विचार पुढे सर्वमान्य झाला. परंतु त्याच्या पोटात एक धोकाही होता. भागाचे मोल जर नफ्याच्या आकड्यावर ठरावयाचे, तर तो आकडा लिहिणाऱ्या हाताला मोह पडणार हे उघड आहे.

हा मोह १९२० नंतरच्या दशकात किती फोफावला, हे ऑक्टोबर १९२९ मधील कोसळीने जगाला दाखविले. त्यानंतर अमेरिकेच्या सिनेटपुढे चौकशी झाली. फर्डिनंड पेकोरा ह्या वकिलाने बड्या बँकांच्या प्रमुखांना साक्षीस उभे करून त्यांच्याकडून एकेक गोष्ट वदवून घेतली. परिणामी १९३३ आणि १९३४ ह्या लागोपाठच्या दोन वर्षांत दोन कायदे झाले, आणि भागबाजारावर देखरेख करणारे केंद्रीय आयोग स्थापन झाले. ह्या कायद्यांचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्याजोगे आहे. अमुक भाग चांगला, तमुक वाईट, असा निवाडा सरकार करीत नाही. सरकार एवढेच म्हणते, की खरे सांगा, सर्वांना एकाच वेळी सांगा, आणि दरवर्षी सांगा. ‘टेन-के’ ह्या नावाने ओळखला जाणारा तेथील वार्षिक अहवाल ह्याच तत्त्वातून जन्मास आला.

पण सांगितलेले खरे आहे हे पाहावयाचे कोणी? ह्या प्रश्नाचे उत्तर डिसेंबर १९३८ मध्ये एका औषधांच्या कंपनीने दिले. मॅकेसन अँड रॉबिन्स हे तिचे नाव. तिच्या सुमारे ८ कोटी ७० लाख डॉलरांच्या मालमत्तेपैकी जवळजवळ १ कोटी ९० लाखांची मालमत्ता केवळ कागदावर होती, असे उघडकीस आले. कॅनडातील ज्या गोदामांत माल भरल्याचे दाखविले होते, तेथे माल नव्हताच. कंपनीचा अध्यक्ष खोट्या नावाने वावरत होता, आणि पूर्वी त्याला शिक्षाही झालेली होती. आश्चर्य हे, की हिशेबतपासनिसांनी त्या काळच्या रीतीत कसूर केलेली नव्हती. शिल्लक माल स्वतः जाऊन मोजावा अशी रीतच नव्हती; व्यवस्थापकांची सही पुरत असे. १९३९ पासून नियम झाला, की तपासनिसाने मालमोजणीच्या वेळी जातीने हजर राहावे. आज एखाद्या मोठ्या कपड्यांच्या दुकानात वर्षअखेरीस मांडण्यांवरच्या सदऱ्यांची मोजदाद होत असताना एक त्रयस्थ मनुष्य हाती कागद घेऊन उभा असतो, त्यामागे कॅनडातील त्या रिकाम्या गोदामांचा इतिहास आहे.

कपड्यांच्या बाबतीत मात्र नुसती मोजणी पुरी पडत नाही. हजार झगे आहेत हे खरे. पण ते पुढच्या हंगामात कोणी घेईल काय? म्हणून हिशेबाचा दंडक असा, की शिल्लक मालाची किंमत खरेदीच्या भावाने धरावी, आणि विकून येणारी रक्कम त्याहून कमी असेल तर ती कमी रक्कम धरावी. येणारा तोटा आजच पदरात घ्यावा, न आलेला नफा मात्र धरू नये. ज्याच्या मनात खोट आहे त्याला नेमका हाच नियम वाकवावासा वाटतो. न्यूयॉर्कची लेस्ली फे ही स्त्रियांचे पोशाख तयार करणारी नामांकित कंपनी. १९९३ च्या आरंभी तिला जाहीर करावे लागले, की मागील नफ्याचे आकडे खोट्या नोंदींनी फुगविलेले होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ती दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली. स्त्रियांची आवड साध्या पेहरावाकडे वळत होती. ती गोष्ट वहीत उतरविण्याऐवजी वहीच आवडीप्रमाणे लिहिली गेली.

ह्या साऱ्या नियमांची रोजची वागणूक पाहावयाची, तर सॅन फ्रान्सिस्कोच्या गॅप ह्या कंपनीचे अहवाल चाळावेत. डोनल्ड आणि डोरिस फिशर ह्या दांपत्याने १९६९ मध्ये त्या शहरातील ओशन अ‍ॅव्हेन्यूवर पहिले दुकान काढले. तेथे लीव्हाय कंपनीच्या जाड निळ्या विजारी आणि तरुणांना ओढून आणण्यासाठी गाण्याच्या तबकड्या मिळत. दोन पिढ्यांमधील अंतराचा तेव्हा फार बोलबाला होता. दुकानाचे नाव त्यावरूनच पडले. १९७६ मध्ये कंपनीचे भाग लोकांना विकण्यात आले, आणि त्या दिवसापासून फिशर कुटुंबाची वही परक्यांची झाली.

ह्या वहीची पहिली विशेष गोष्ट म्हणजे तिचे वर्ष. ते डिसेंबरात संपत नाही. ३१ जानेवारीला सर्वांत जवळ येणाऱ्या शनिवारी संपते. नाताळची विक्री आटोपलेली असते, उरलेला माल सवलतीने काढून टाकलेला असतो, आणि मांडण्या वर्षातील सर्वांत रित्या असतात. मोजणीला ह्याहून सोयीची वेळ नाही. परंतु वर्ष आठवड्यांनी मोजल्यामुळे दर पाच-सहा वर्षांनी बावन्नाऐवजी त्रेपन्न आठवड्यांचे वर्ष येते. ३ फेब्रुवारी २०२४ रोजी संपलेले वर्ष असेच होते. तेव्हा जादा आठवड्याची विक्री म्हणजे वाढ नव्हे, हे अहवालात स्पष्ट सांगावे लागते. न सांगितले तर आकडा खरा असूनही वाचक फसतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. दुकानांची संख्या वाढवीत नेली, की एकूण विक्री वाढतच जाते. पण जुन्या दुकानांत गिऱ्हाईक टिकले आहे काय, हे त्यावरून कळत नाही. म्हणून एक वर्षाहून जुन्या दुकानांच्या विक्रीची तुलना वेगळी दिली जाते. गॅपच्या २००० आणि २००१ ह्या दोन हिशेबी वर्षांचे आकडे ह्या दृष्टीने बोधप्रद आहेत. एकूण विक्री सुमारे १,३६७ कोटी डॉलरांवरून १,३८५ कोटींवर गेली. एवढेच वाचणारा मनुष्य निर्धास्त राहिला असता. परंतु त्याच अहवालात जुन्या दुकानांची विक्री १३ टक्क्यांनी घटल्याचे लिहिले होते, आणि वर्षअखेर सुमारे ७८ लाख डॉलरांचा तोटा आला होता. कंपनी दुकाने उघडीत होती आणि गिऱ्हाईक गमावीत होती. ह्यात लपवाछपवी काही नव्हती. वाईट बातमी ठरल्या जागी, ठरल्या रकान्यात लिहिलेली होती. ती वाचूनच भागधारकांनी आपली नाराजी दाखविली, आणि २००२ मध्ये कंपनीच्या मुख्य चालकाला पद सोडावे लागले. अहवालाचा खरा उपयोग तो हा.

ते २००२ साल एका निराळ्या कारणानेही ध्यानात राहिले. एन्रॉन आणि वर्ल्डकॉम ह्या बलाढ्य कंपन्या खोट्या हिशेबांमुळे कोसळल्या, आणि त्या वर्षीच्या कायद्याने असे ठरविले, की कंपनीचा मुख्याधिकारी व अर्थाधिकारी ह्या दोघांनी अहवालाच्या खरेपणाबद्दल स्वतःची सही करावी. ‘हिशेब मुनीम पाहतो, मला काय ठाऊक?’ हे सबबीचे दार तेव्हापासून बंद झाले.

तरीही एक मोठे ओझे ताळेबंदाबाहेरच राहिले होते. कपड्यांच्या कंपन्या बहुधा दुकानांच्या जागा विकत घेत नाहीत. दहा-दहा वर्षांच्या कराराने भाड्याने घेतात. भाडे हे कर्जासारखेच बांधलेले देणे. विक्री होवो न होवो, ते द्यावेच लागते. पण ताळेबंदात त्याचा पत्ता नसे. पाठीमागच्या टिपांत ते बारीक अक्षरांत दडलेले असे. २००५ च्या फेब्रुवारीत आयोगाच्या मुख्य हिशेबतज्ज्ञाने भाड्याच्या नोंदींविषयी पत्र लिहिताच अनेक दुकानदार कंपन्यांना आपले जुने हिशेब दुरुस्त करून पुन्हा प्रसिद्ध करावे लागले. त्याच वर्षी आयोगाने अंदाज दिला, की अमेरिकेतील नोंदणीकृत कंपन्यांची अशी ताळेबंदाबाहेरची देणी सुमारे सव्वा लाख कोटी डॉलर आहेत. ती ताळेबंदात घेण्याचा नियम प्रत्यक्षात यावयास मात्र २०१९ उजाडले. आणि पुढच्याच वर्षी त्याची कसोटी लागली. महामारीमुळे दुकाने बंद झाली. गॅपने एप्रिल २०२० पासून भाडी देण्याचे थांबविले, आणि तसे जाहीरही केले. त्या वर्षीचा तोटा ६६ कोटी ५० लाख डॉलरांचा होता. जागेच्या भाड्याला कर्ज का म्हणावे, हे तेव्हा कोणाला वेगळे शिकविण्याची गरज उरली नाही.

माल मोजून झाला, जागेचे देणे लिहून झाले, वरिष्ठांची सही झाली. एक प्रश्न मात्र शतकभर कोणी विचारलाच नव्हता: हे कपडे शिवले कोणी? ताळेबंदात शिवणकामगार कोठेच दिसत नाही. कपडे दूरदेशीच्या कारखान्यांत शिवले जातात, ते कारखाने दुसऱ्यांच्या मालकीचे असतात, आणि कामगाराची मजुरी ‘मालाची किंमत’ ह्या एका ओळीत विरघळून जाते. १९९० नंतरच्या दशकात विद्यार्थी, कामगार संघटना आणि वृत्तपत्रे ह्यांनी अमेरिकेत हा प्रश्न लावून धरला. २००४ मध्ये गॅपने आपला पहिला सामाजिक जबाबदारीचा अहवाल काढला. आपल्यासाठी माल तयार करणाऱ्या कारखान्यांत मजुरी, कामाचे तास आणि सुरक्षितता ह्यांबाबत उणिवा आढळल्या, आणि गंभीर दोषांमुळे २००३ मध्ये १३६ कारखान्यांशी संबंध तोडले, असे तिने स्वतःच त्यात नमूद केले. आपल्या तोंडाने आपले वैगुण्य सांगण्याचा हा प्रकार ह्या धंद्यात नवा होता.

तथापि कबुली म्हणजे उपाय नव्हे. ऑक्टोबर २००७ मध्ये एका ब्रिटिश वृत्तपत्राच्या बातमीदाराला दिल्लीतील एका अंधाऱ्या कारखान्यात लहान मुले भरतकाम करताना आढळली. त्यांच्या हातांतले कपडे गॅपच्या बालविभागासाठी होते. कंपनीने तो माल विक्रीतून काढून घेतला आणि आपल्या पुरवठादाराने काम परस्पर दुसरीकडे दिल्याचे सांगितले. वहीत एक नाव, आणि सुई दुसऱ्याच्या हाती, असा हा प्रकार होता. पुढे २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ साभार येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळली, आणि परदेशी दुकानांसाठी कपडे शिवणारी अकराशेहून अधिक माणसे तिच्याखाली गाडली गेली. इमारतीला आदल्याच दिवशी तडे गेलेले दिसले होते. तेथून माल घेणाऱ्या कंपन्यांचे हिशेब तपासलेले होते, बेरजा जुळत होत्या; पण त्या तड्यांना कोणत्याही ताळेबंदात रकाना नव्हता.

हा रकाना आता हळूहळू आखला जात आहे. ब्रिटनमध्ये २०१५ च्या कायद्याने मोठ्या कंपन्यांना आपल्या पुरवठ्याच्या साखळीत वेठबिगारी नाही ना, ह्याविषयी निवेदन देणे भाग पडले. भारतात शेअरबाजारातील पहिल्या एक हजार कंपन्यांना २०२२-२३ ह्या वर्षापासून कामगार, पर्यावरण आणि समाज ह्यांविषयीचा अहवाल ताळेबंदाबरोबर द्यावा लागतो. ह्यांतील पुष्कळसा मजकूर अजून शब्दांच्या आडोशाने चालतो. परंतु १८४४ मधील ताळेबंदही असाच अपुरा होता, हे विसरता येत नाही. रिकामी गोदामे उघडकीस आल्याशिवाय मालमोजणी आली नाही, आणि कंपन्या कोसळल्याशिवाय सही आली नाही. आजवर प्रत्येक रकान्याची किंमत कोणी ना कोणी आधी चुकविली आहे. फरक इतकाच, की आरंभी ती भागधारकांनी पैशाने चुकविली. साभारच्या कामगारांनी ती प्राणांनी चुकविली.

व्यापाऱ्याच्या वहीच्या पहिल्या पानावर दोन शब्द असतात. त्यांपैकी ‘लाभ’ ह्या शब्दाचा हिशेब कसा मागावा, हे परक्या धन्यांना शिकावयास पाऊणशे-शंभर वर्षे लागली, आणि त्यासाठी कायदे, तपासनीस व न्यायालये उभी राहिली. ‘शुभ’ हा शब्द त्याच पानावर, किंबहुना त्याच्याही आधी, लिहिलेला आहे. त्याचा हिशेब मागावयास आता कोठे सुरुवात झाली आहे.